पॅरिसच्या स्टेशनवर कुली नसतो

पहिलं काम बॅगेचं. ती भरून झाली की कुलूप लावायचं आणि घरातल्या जिन्यावरून दोनदा खाली-वर न्यायची. मधे थांबायचं नाही, पोराला हाक मारायची नाही, "अहो, जरा धरा" म्हणायचं नाही. जमलं तर ती बॅग पॅरिसला जाईल. नाही जमलं तर दोन साड्या, तो जाडजूड टॉवेल आणि "असू दे" म्हणून टाकलेली तिसरी शाल परत कपाटात ठेवून यायची. लिफ्टच्या इमारतीत राहणाऱ्यांनी तर हे करावंच, त्यांचा अंदाज हमखास चुकतो. आमचा चुकला.

आम्ही चौघं जूनमध्ये लंडनहून गाडीनं पॅरिसला गेलो, चार दिवसांसाठी: आम्ही दोघं, माझी नणंद आणि भाऊजी. लेक लंडनला, म्हणून तिथवर जाणं झालंच होतं. नागपुरात आता गल्लीत एक तरी घर असं आहे, म्हणून ही यादी लिहायला बसले. भाऊजींनी चार दिवसांसाठी अठ्ठावीस इंची बॅग घेतली होती. पॅरिसच्या गार द्यू नॉर स्टेशनवर, म्हणजे उत्तर स्टेशनवर, उतरल्यावर त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, लाल शर्टवाला कोणी दिसून नाही राहिला."

या गाडीला, युरोस्टारला, सामानाच्या वजनाची अट नाही, लांबीची आहे. साध्या वर्गात माणशी ८५ सेंटिमीटरपर्यंतच्या दोन बॅगा आणि हातातली एक छोटी. विमानतळासारखं कोणी तोलत नाही. फसगत होते ती इथेच. तोलणारा नाही म्हटलं की आपण कोंबत जातो, आणि डब्यातल्या रॅकवर ती चढवायची वेळ आली की वजनकाटा आपल्या कमरेत निघतो. पुढे मेट्रो. पॅरिसची मेट्रो १९०० सालची. १४ नंबरची नवी लाइन सोडली तर बहुतेक स्टेशनांत रस्त्यापर्यंत लिफ्ट नाही, आणि सरकता जिना असला तरी त्यानंतर दहा-बारा पायऱ्या साध्या निघतातच. तेव्हा माणशी एकच बॅग, मधल्या मापाची, चाकं धड असलेली, आणि पाठीवर एक सॅक. चाकं आदल्या आठवड्यात फिरवून बघा. नणंदेच्या बॅगेचं एक चाक मेट्रोच्या पायऱ्यांवर निखळलं, आणि उरलेले चार दिवस ती बॅग लंगडत आमच्या मागे आली.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे, पण बॅगेच्याही आधी सुरू होतो. लंडनचा व्हिसा पॅरिसला चालत नाही. ब्रिटन शेंगेन गटात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही, त्यामुळे आपल्याला दोन वेगळे व्हिसे लागतात आणि दोन्ही भारतातूनच काढून निघायचं. "लंडनला पोहोचू, मग तिथून फ्रान्सचा बघू" असं ज्यांच्या मनात असेल त्यांनी ते आत्ताच काढून टाकावं. चार-सहा महिन्यांसाठी पाहुणे म्हणून गेलेल्या माणसाला शेंगेनचा अर्ज साधारणपणे आपल्या राहत्या देशातूनच करावा लागतो. आधी ब्रिटनचा करा, पासपोर्ट हातात आला की फ्रान्सचा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पण पंधरा दिवसांवर विसंबून उन्हाळ्याची तिकिटं काढायची म्हणजे मे महिन्यात कूलरशिवाय राहण्याची पैज लावण्यासारखं. मोठ्या माणसाची व्हिसा फी २०२४ च्या जूनपासून ९० युरो आहे, अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं शुल्क वेगळं. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा, आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. प्रवास विमा निदान ३०,००० युरोचा. विम्याच्या कागदावर शेंगेन देशांचं नाव आहे ना, ते वाचून घ्या. नुसतं ब्रिटनचं कव्हर घेऊन लोक जातात आणि खिडकीवरून परत येतात.

व्हिसावर एकदाच प्रवेश आहे की अनेकदा, तेही बघा. आणि पॅरिसहून लंडनला परत यायचं आहे हे विसरू नका. तुमचा ब्रिटनचा व्हिसा त्या दिवशीही चालू असला पाहिजे, कारण परतताना ब्रिटिश अधिकारी पॅरिसच्याच स्टेशनवर बसलेले असतात.

तिकीट जितकं लवकर काढाल तितकं स्वस्त. आपल्यासारखं वेटिंग नाही, आरएसी नाही, तत्काळ नाही. विमानासारखं भाडं चढत जातं आणि शुक्रवार-रविवारचं तर बघायलाच नको. नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. वडिलांचं नाव कधी मधे, कधी शेवटी, ही आपली सवय तिथे डोकेदुखी होते. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. पॅरिस लंडनच्या एक तास पुढे आहे, म्हणून सव्वादोन-अडीच तासांचा प्रवास कागदावर साडेतीन तासांचा दिसतो आणि परतताना सव्वा-दीड तासाचा. आमच्या ह्यांनी ते बघून घोषणा केली की येताना गाडी उतारावर असते.

खाण्याच्या पिशवीबद्दल सावकाश सांगते, कारण यादीतल्या याच कलमावर आमच्या घरी सगळ्यात जास्त भांडण झालं. पॅरिसला कोणाकडे जायचं असेल तर नागपूरकर काय नेईल? संत्री आणि संत्रा बर्फी. दोन्ही नेता येत नाहीत. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, आणि ब्रिटन २०२१ पासून त्यांच्या लेखी बाहेरचाच देश. म्हणजे खव्याची बर्फी, पेढे, पनीर, घरचं तूप, सगळं लेकीच्या फ्रिजमध्ये ठेवून निघायचं. फळांचं तर त्याहून मजेशीर. रोपांच्या रोगराईच्या भीतीनं ताज्या फळांना सरकारी प्रमाणपत्र लागतं; सूट फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन या पाचांना. आपल्या संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण युरोपच्या दारात केळं आत जातं आणि संत्रं बाहेर राहतं.

मग न्यायचं काय? सुकं. चिवडा, शेव, जवसाची चटणी, तिळाची चटणी, भाजक्या पोह्यांचा डबा, खाकरे, आणि लाडू न्यायचेच तर तेलातले. तुपातले नकोत. विमानासारखा १०० मिलीचा नियम या गाडीला नाही, त्यामुळे पाण्याची भरलेली बाटली चालते आणि लोणच्याची बरणीही. नणंदेनं पहाटे उठून दशम्या केल्या होत्या, दुधातल्या. मी म्हटलं, "ताई, त्यात दूध आहे." ती म्हणाली, "भाजल्यावर कुठलं राहते दूध?" हा वाद मिटायला वेळ नव्हता म्हणून आम्ही त्या सेंट पँक्रासच्या बाकावर बसून सगळ्या संपवल्या. चौघांत अठरा.

सेंट पँक्रास हे लंडनचं स्टेशन. लोखंड आणि काचेचं ते प्रचंड छत १८६८ सालचं आहे, आणि पॅरिसच्या गाड्या तिथून २००७ पासून सुटतात. मान वर करून बघण्यासाठी पाच मिनिटं राखून ठेवा, एवढंच सांगते, कारण खरी गडबड खाली आहे. आपण क्रॉसिंगच्या गावचे. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा या दोन्ही वाटा आपल्या दारात एकमेकींना छेदतात, त्यामुळे गाडीतलं आपल्याला सगळं कळतं असा आपला समज असतो. इथे तो उपयोगाचा नाही. ही गाडी चढेपर्यंत विमान असते आणि उतरल्यावर एसटी. सुटायच्या अर्धा तास आधी फाटकं बंद होतात, म्हणजे होतातच. दीड ते दोन तास आधी पोहोचा. आधी तिकीट, मग बॅगा एक्स-रेतून, मग ब्रिटनची तपासणी, आणि लगेच पुढच्या खिडकीत फ्रान्सचे पोलीस. फ्रान्समध्ये प्रवेश होतो तो लंडनच्या तळमजल्यावरच. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात शिरणाऱ्यांचे बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, तेव्हा या रांगेचा वेळ जास्तच धरा. हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट आणि विमा छापून वरच्या कप्प्यात ठेवा. मोबाइलमध्ये आहे म्हणून सांगायचं आणि नेमकी तेव्हा बॅटरी लाल व्हायची, हे आपल्याला ठाऊक आहे.

पोहोचवायला येणाऱ्यांची मनाची तयारीही यादीत घ्या. प्लॅटफॉर्म तिकीट हा प्रकार नाही. लेक आणि जावई फाटकापाशीच थांबले. खिडकीतून हात धरणं नाही, गाडी हलल्यावर चार पावलं सोबत चालणं नाही. नणंदेला ते फार लागलं. तिच्या मते निरोप असा एक्स-रे मशीनसमोर घ्यायचा नसतो.

आतल्या हॉलमध्ये बसायचं आणि साधारण वीस मिनिटं आधी फलाटाचा नंबर लागला की निघायचं. गाडी ४०० मीटर लांब, सोळा डब्यांची. तिकिटावर डबा क्रमांक १ किंवा १६ असेल तर चालण्याची तयारी ठेवा. जागा ठरलेल्या असतात, पण निम्म्या जागांची तोंडं उलट्या दिशेला. ज्यांना उलटं बसून मळमळतं त्यांनी बुकिंगच्या वेळीच बघावं. चहावाला येत नाही. मधे एक छोटं कॅन्टीन असतं, तिथे उठून जायचं.

बोगद्याबद्दल घरातल्या सगळ्यांना आधीच समजावून सांगा, म्हणजे आमच्यासारखं होणार नाही. १९९४ साली सुरू झालेला हा बोगदा ५०.४५ किलोमीटर लांब आहे, त्यातला जवळजवळ ३८ किलोमीटर समुद्राच्या तळाखालून. तळाखालून, म्हणजे खडकातून. मासे दिसत नाहीत. आमचे हे मोबाइलचा कॅमेरा सुरू करून काचेला टेकवून बसले होते. वीसेक मिनिटं काळोख आणि काचेत स्वतःचाच चेहरा. तो व्हिडिओ आमच्याकडे अजून आहे. पलीकडे निघालो तर सपाट शेतं, मधेच एखादं चर्चचं टोक, पवनचक्क्या, आणि मोबाइलनं आपणहून एक तास पुढे उडी मारलेली. फ्रान्समध्ये गाडी ताशी ३०० किलोमीटरनं जाते. भाऊजींना विश्वास बसेना. "पेल्यातलं पाणी हलून नाही राहिलं," म्हणाले, "आपल्याकडे अजनी यार्डातून जाताना यापेक्षा जास्त हलते." वेग कळतो तो शेजारून धावणाऱ्या रस्त्यावर, जेव्हा तिथल्या मोटारी मागे मागे सरकू लागतात.

गार द्यू नॉरला उतरल्यावर मात्र पुन्हा कागद नाही, रांग नाही, काही नाही. फलाट संपतो आणि तुम्ही थेट शहरात. विमानानं गेलं की विमानतळ आपल्याला जरा सांभाळून घेतो. बाक, पाट्या, चौकशीची खिडकी, मग तासभराचा रस्ता. गाडी तुम्हाला शहराच्या पोटात सोडून देते, आणि ते पोट त्या वेळी भुकेनं गुरगुरत असतं. आमच्या चौघांचंही पॅरिसबद्दलचं पहिलं मत या स्टेशनच्या बाहेर, पहिल्या वीस मिनिटांत बनलं, आणि ते चांगलं नव्हतं. सिगारेटचा धूर, खणलेला रस्ता, टॅक्सी हवी का विचारणारे लोक, सायरन. नणंद म्हणाली, "हे तर आपलं कॉटन मार्केट." म्हणून या वीस मिनिटांची तयारी आयफेल टॉवरच्या तिकिटापेक्षा महत्त्वाची समजा. उतरण्याआधी गाडीतच ठरवून ठेवा: कोणतं दार, कोणती मेट्रो, कोण पुढे, कोण मागे. पाकीट आतल्या खिशात, सॅक छातीवर. कागदावर सही मागणाऱ्या मुलींपुढे थांबायचं नाही, आणि आपणहून जवळ येऊन "टॅक्सी, टॅक्सी" करणाऱ्याकडे वळायचं नाही. अधिकृत टॅक्सीची रांग बाहेर पाटी लावून असते.

पण बाहेर पडल्यावर एकदा मागे वळून बघा. १८६०च्या दशकात बांधलेल्या त्या दर्शनी भिंतीवर दगडी बायकांची रांग उभी आहे. प्रत्येक पुतळा एका शहराचा, जिथे जिथे इथून गाडी जायची त्या शहरांचा. आम्ही ते पाहिलं थेट चौथ्या दिवशी. पहिल्या दिवशी सगळे बॅगांकडे बघत होतो.

हॉटेल घेताना नकाशावर अंतर बघू नका, मेट्रोची लाइन बघा. गार द्यू नॉरवरून ४ आणि ५ नंबरच्या लाइनी जातात. ४ नंबर सिते, सेंट मिशेल या भागांतून, ५ नंबर रेपुब्लिक आणि बास्तीयकडून. या दोन्हींपैकी एकीवर हॉटेल असलं की सामानासकट गाडी बदलावी लागत नाही. शातले नावाच्या जंक्शनवर बॅगा ओढत गाडी बदलणं हा अनुभव शत्रूलाही देऊ नये. मेट्रोचं तिकीट अडीच युरोच्या आसपास पडतं. त्यासाठी दोन युरोचं नाविगो ईझी कार्ड घ्यायचं आणि त्यात तिकिटं भरायची. प्रत्येकाला स्वतःचं कार्ड लागतं, एकाच कार्डावर चौघं जाऊ शकत नाहीत. लंडनमध्ये बँकेचं कार्ड फाटकावर टेकवून जायची सवय लागलेली असते. आम्ही गेलो तेव्हा पॅरिसच्या मेट्रोत ते चालत नव्हतं, आणि भाऊजींनी फाटकाला बराच वेळ समजावून पाहिलं. बाहेर पडेपर्यंत कार्ड हातात ठेवा, तपासनीस अधेमधे उभे असतात.

पोटाचं मात्र याच स्टेशनमुळे सोपं होतं. मागच्या बाजूनं ला शापेलकडे चालत जा. दहा मिनिटांत दुकानांवरच्या पाट्या तमिळ होतात. श्रीलंकेहून आलेल्या तमिळ लोकांची ही वस्ती. डोसा, इडली, कढीपत्ता, भेंडी, स्टीलची ताटं, सगळं आहे, आणि गणपतीचं देऊळही आहे. उन्हाळ्याच्या शेवटी त्यांची रथयात्रा निघते आणि रस्त्यावर नारळांचे ढीग फुटतात. आम्ही जूनमध्ये गेलो म्हणून ती हुकली. त्या संध्याकाळी सांबारात डोसा बुडवताना नणंदेचा चेहरा लंडन सोडल्यापासून पहिल्यांदा सैल झाला. टेकडीच्या गणपतीला सांगून आलो होतो, इथेही हजेरी लागली. बाकी शहरात शाकाहारी म्हटलं की बटाटा, चीज आणि ब्रेड. त्यावर आपली जवसाची चटणी भुरभुरवायची. हॉटेलात पाणी मागताना "कराफ दो" म्हणायचं, म्हणजे नळाचं पाणी फुकट येतं. नुसतं "वॉटर" म्हटलं तर सीलबंद बाटली आणि तिचं बिल. आणि दुकानात शिरताना आधी "बोंजूर". आपण थेट "हे कितीला?" म्हणून सुरू करतो, ते त्यांना उद्धट वाटतं. आमच्या ह्यांनी "बोंजूर"च्या पुढे नमस्कार जोडला. ते मात्र सगळ्यांना आवडलं.

पाहण्याच्या गोष्टींची यादी तुम्ही केलीच असणार, तिला फक्त वार जोडा. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, ओर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद. नोत्र दाम चर्चला २०१९ च्या एप्रिलमध्ये आग लागली होती, ते २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा उघडलं. आत जायला पैसे नाहीत. आयफेल टॉवर ३३० मीटर उंच. लिफ्टची तिकिटं साधारण साठ दिवस आधी खुली होतात आणि भराभर संपतात. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांना दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या आहेत. आम्ही खाली हिरवळीवर बसून चिवडा खाल्ला. अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं तो चमचमतो, पण जूनमध्ये अंधार पडायलाच रात्रीचे साडेदहा होतात, तेव्हा दुपारी झोप काढून घ्या. शेवटची मेट्रो किती वाजता ते आधी बघा.

बारीकसारीक. आपला दोन गोल पिनांचा मोबाइल चार्जर फ्रान्समध्ये सहसा बसतो, लंडनचा तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर तिथे कुचकामी. पाऊंड आणि युरो वेगवेगळ्या पाकिटांत. लंडनचं सिम फ्रान्समध्ये किती पैसे घेईल ते लेकीला विचारून घ्या. औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. तिथलं औषधाचं दुकान हिरव्या क्रॉसनं ओळखू येतं. अडचणीला ११२. बूट जुने, चालून मऊ झालेले. नवे बूट या सहलीला नेऊ नयेत. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी हॉटेलात एसी आहे का ते विचारावं. पॅरिसमध्ये २५ जुलै २०१९ ला ४२.६ अंश झालं होतं. नागपूरकराला त्यात काय, असं वाटेल. पण आपल्याकडे ४२ ला कूलर असतो, वाळ्याच्या ताट्या असतात, माठ असतो. तिथे चौथ्या मजल्यावरची पत्र्याखालची खोली असते.

परतीच्या दिवशी पुन्हा दीड-दोन तास आधी. गार द्यू नॉरला युरोस्टारचा हॉल वरच्या मजल्यावर आहे, खाली फलाटापाशी घुटमळत बसू नका. आता उलटा क्रम: आधी फ्रान्सचे पोलीस बाहेर सोडतात, मग ब्रिटनचा अधिकारी विचारतो, कशासाठी येताय, किती दिवस, कोणाकडे. लेकीचा पत्ता पाठ नसेल तर कागदावर हवा. परतीचं नागपूरचं तिकीटही हाताशी ठेवा, ते दाखवलं की त्याचे प्रश्न कमी होतात. भाऊजींना त्यानं पॅरिस कसं वाटलं विचारलं. ते म्हणाले, "गुड. बट नो कुली."